झोपवलेली दांडी

प्रिय चिमणे,

हे पत्र ट्रकवाल्या काकांच्या हाती देतोय. त्यांना बजावलंय, कापडाचे तागे नंतर उतरवा, आधी हे तिच्या हातात द्या. बाबांचं पुन्हा सुरू झालं म्हणून नाक मुरडशील, खुशाल मुरड. पण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय वाफेच्या लाइनला हात लावू नकोस.

इकडे आई बरी आहे. तुझा फोन आला की ती स्वयंपाकघरात जाऊन बोलते, आणि मी पेपर वाचायचं सोंग करून कान तिकडे लावतो. काल तिच्याकडून कळलं, सोमवारपासून तुला रंगाच्या टाक्यांवर एकटीला सोडणार आहेत. लहानपणी कारखान्याच्या फाटकाशी उभी राहून तू धुराड्याची चिमणी बघत बसायचीस, म्हणून आमच्या खात्याने तुला हे नाव ठेवलं. तेव्हा कोण कौतुक वाटायचं! पुढे हेच काम करणार म्हणालीस, तेव्हा मला आधी वाफ आठवली. पांढरी दिसते ती निवलेली वाफ गं, खरी तापलेली डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. मी शिकवणार नाही म्हटलं की तू नाद सोडशील, असं मला वाटलं होतं. तू कसली सोडतेस! कंपनीच्याच दुसऱ्या गावच्या कारखान्यात जाऊन लागलीस आणि माझा फोन उचलणं बंद केलंस.

मग कंपनीने कामगारांच्या शिक्षणासाठी ते ॲप आणलं. तुम्ही त्याला काय म्हणता कोण जाणे, आम्ही मास्तरीण म्हणतो. गोड आवाजात प्रश्न विचारते आणि उत्तर चुकलं की पिच्छा सोडत नाही. जुन्या माणसांनी आपल्या युक्त्या फोनमध्ये बोलून ठेवायच्या, त्या ती आपल्या आवाजात सगळ्या कारखान्यांतल्या नव्या मुलांना शिकवणार. आमचे फोरमन कुरकुरत होते, मी मात्र बोलत सुटलो. गळती कानाने कशी ओळखावी, झाकण उघडताना तोंड कुठे ठेवावं, सगळं बोललो. मनात तूच होतीस. समोर बसून शिकवायला जीव घाबरला, निदान असं तरी तुझ्यापर्यंत पोहोचेल, असं वाटलं.

आणि पोहोचलं की! काल मास्तरणीने कळवलं, तुमची युक्ती खूप जणांना आवडली. खाली अंगठ्यांची रांग, आणि त्यात तुमच्या कारखान्यातून एक ओळ: ‘एकदम पाठ! – चिमणी’. ती युक्ती माझी आहे हे तुला कुठून कळणार? मी इतका फुशारलो की आईला चष्मा लावून दोनदा वाचायला लावलं. मग तिने तू पाठवलेला फोटो दाखवला, टाकीशेजारी हातमोजे घालून उभी असलेली तू. मी तुझ्याकडे बघता बघता तुझ्या मागच्या पाइपकडे बघितलं, आणि फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा बघितला.

मी बोललो होतो, ‘टाकीचं झाकण उघडण्याआधी वाफेची दांडी झोपवा.’ आमच्याकडे पाइप जमिनीतून छताकडे उभे जातात. व्हॉल्व्हची दांडी झोपवली की ती पाइपला आडवी येते आणि वाफ बंद होते. तुमच्याकडे पाइपच भिंतीलगत झोपलेले आहेत. तिथे दांडी झोपवलीस तर वाफ चालू होईल, आणि तू झाकण उघडशील. माझ्याच शब्दाने, चिमणे. प्रशिक्षणाच्या बाई म्हणतात, तपासून पुढच्या आठवड्यात बदलू. तुमच्या साहेबांना फोन केला, तर ते हसले, म्हणाले, तुमची मुलगी मास्तरणीच्या परीक्षेत पहिली आली आहे. त्याचीच तर मला भीती आहे. तिथल्या कुणी नीट दाखवलंही असेल, पण घाईत हात पाठ केलेलंच करतो. आईच्या तोंडून निरोप पाठवला तर आडवं-उभं उलटं व्हायचं, म्हणून लिहितोय: ‘झोपव’ हा शब्दच विसर. पाइपकडे बघ. दांडी पाइपच्या रेषेत असली तर वाफ चालू, पाइपवर फुली मारल्यासारखी दिसली तर बंद. फुली दिसल्याशिवाय झाकणाला हात नाही. एवढं वाचलंस की मला एक मिस्ड कॉल दे. बोलू नकोस हवं तर. फोन नुसता वाजू दे, मी उचलणार नाही.

तुझाच,
बाबा