नऊ नंबरची फ्लॉपी

१२ नोव्हें., मंगळ.
कॉम्प्युटरच्या तिन्ही जुन्या मशिनी पाळीपाळीने चालू केल्या. आठवड्यातून एकदा गरम झाल्या नाहीत तर ओल धरतात. पहिली उठलीच नाही. पंखा फिरतो, पडदा काळा. दुसरी ठीक. तिसरीला जळका वास. लगेच बंद केली, तरी दिवसभर तो वास नाकातच. वनखात्याच्या डेपोच्या लिलावातून या आणल्या तेव्हा शेवंता म्हणाली होती, "तीन मढे आणले घरात." बायको आहे, बोलणारच. पण काळ्या पडद्यावर रेघ लुकलुकायला लागली की मला बरे वाटते. डेपोतल्या ठेंगरेबाबूंनी मला, सातवी पास चपराशाला, डॉस शिकवले. दुसरे काय येते मला?

दुपारी सोनाबाई मडावी आली. जंगलाला लागून तिचे तीन एकर. वनहक्काचा दावा 'पुरावा नाही' म्हणून परत आला. वरच्या समितीपुढे सुनावणी ९ डिसें.ला, गोंडपिपरीत. तिथे हुकले तर जमीन गेली.
"भाऊ, ठेंगरेबाबूनं अतिक्रमणवाल्याइची यादी केली होती ना जी? त्या चकत्या तुमच्याजवळ आहेत म्हंतात."
आहेत. ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा साहेबांनी जुन्या फ्लॉप्या जाळायला दिल्या होत्या. मी नाही जाळल्या. तेव्हा यादीत नाव म्हणजे गुन्हा. आता तेच नाव जुन्या वहिवाटीचा पुरावा.
म्हणालो, पाहतो. म्हणायला नको होते.

१४ नोव्हें.
सापडली. मोठ्या आकाराची, नऊ नंबरची. चिठ्ठीवर बाबूंचे अक्षर: 'अति. यादी'. फ्लॉपीच्या खिडकीतून पाहिले तर आतल्या चकतीवर पांढरी बुरशी.  आता पुसली तर अक्षरे जातील का, नाही पुसली तर ड्राइव्हचे डोके घाण होईल का. जेवण गेले नाही.

१५ नोव्हें.
स्पिरिटचा कापूस, हलक्या हाताने. चकती बोटाने फिरवत फिरवत. दोन तास लागले. कापूस तपकिरी निघाला. बुरशी की अक्षरे, कोण जाणे.

१७ नोव्हें.
वाचली! दुसऱ्या मशिनीत. दोन फायली. एक यादी, आणि तिचीच आधीची प्रत, शेवटी बी-ए-के. बाबूंचा तो प्रोग्राम फाइल बदलली की जुनी प्रत आपोआप ठेवायचा. पण पडद्यावर नुसते किडे-मुंग्या. मराठी अक्षरे दाखवणारे कार्ड पहिल्या मशिनीत, आणि ती मेलेली.

२० नोव्हें.
कार्ड काढले. पट्टीवर हिरवे चढले होते, खोडरबराने घासले. दुसऱ्या मशिनीत बसवले. तीनदा बसवले.
मराठी आली. गावाचे नाव, मग एकेक माणूस. निम्मे तर वारले. सोनाबाईच्या नवऱ्याचे, लच्छूचे नाव शोधतो आहे. बावीस नंबर गोविंदा. त्याखाली एकदम चोवीस. तेवीस नाही. पुन्हा वाचले. शेवटपर्यंत वाचले. लच्छू नाही.

२१ नोव्हें.
पहाटेच आठवले. आठवले म्हणजे, कालच आठवले होते, कबूल आज केले.
लच्छू डेपोच्या फाटकाशी उभा. बगलेत कोंबडी. "भाऊ, माह्यं नाव काढाले सांग ना बाबूले. केस होईन." रडकुंडीला आला होता. मीच बाबूंना विनवले. माझ्यासमोर त्यांनी कर्सर नेला, ओळ पुसली, हसले. मला वाटले, मोठे पुण्य केले.
शेवंताला विचारले, तुला आठवते का?
"काऊन नाई आठवन? पखं मीच उपटले, बाबूबी जेवाले होते. आता सोनाबाईले सांगून टाका."
सांगेन म्हणालो. एक उपाय आहे अजून. ती जुनी प्रत. तिच्यात तेवीस असणार.

२४ नोव्हें.
जुनी प्रत उघडत नाही. खर्र खर्र, मग तीच ओळ: अबॉर्ट, रिट्राय, फेल. रिट्रायचा आर दाबला. यादी सोळा नंबरपर्यंत आली. पुन्हा आर. एकोणीस. मग थांबलो. जास्त वाचली तर खरवडते, माहीत आहे मला.
सोनाबाई विहाराजवळ भेटली. "तुमचा डब्बा बोल्ला का जी?" चालू आहे म्हणालो. खोटे नव्हते. खरेही नव्हते.

२८ नोव्हें.
चार दिवस हात लावला नाही. आज लावला. सगळी चूक आजची. ड्राइव्हचे डोके पुसून घेतले, मशीन तासभर गरम केली, मग आर. एकवीस. आर. बावीस, गोविंदा. आर. आर. आर. किती वेळा दाबला, मोजले नाही. आवाज बदलला, तरी दाबतच राहिलो.
बाहेर काढली तेव्हा खिडकीत गोल चरा. आरपार उजेड दिसतो. आता पहिली यादीही उघडत नाही.

३० नोव्हें.
ताप. शेवंता म्हणते ताप नाही.

२ डिसें.
सांगितले. सोनाबाईच्या अंगणात उभ्यानेच. कोंबडीपासून चऱ्यापर्यंत सगळे.
सो. मोहफुलांचे टोपले विणत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "मालूम आहे. कोंबडी मीच धरून देल्ली होती. माह्या हातची तलंग होती."
मग मला का विचारलेस?
"बाबूनं मिटवलं का नुसती कोंबडी खाल्ली, ते कोणाले मालूम?" मग हसली. ते हसणे चांगले नव्हते. "इमानदार निंगाला म्हना मेला!"
निघालो तर मागून म्हणाली, "समितीवाले म्हंतात, म्हाताऱ्या मानसाचं बयान चालते. नाव होतं न् तुमी मिटवाले लावलं, इतकंच सांगा."
इतकंच!

३ डिसें.
सरकारी कागदातले नाव काढायला लावले, हे सरकारपुढेच सांगायचे. पेन्शन थांबली तर? केस झाली तर? शिवाय जाळायच्या चकत्या घरी का नेल्या, तेही विचारतील. लच्छूला जी भीती होती तीच आता मला.
शेवंताला म्हणालो, तब्येत बरी नाही असे कळवू. तिने रात्रीचे ताट पुढे ठेवले आणि उठून गेली. 

६ डिसें.
विहारात मेणबत्ती लावली. सगळे गाव होते. सो.ही आली होती, मागे उभी. माझ्याकडे पाहिले नाही. तिने पाहिले असते तर बरे.

८ डिसें.
बयान हाताने लिहिले. चार वेळा. पहिल्या तिन्हींत 'बहुतेक' असा शब्द आला होता. चौथ्यात नाही.

९ डिसें.
गोंडपिपरी. एस.टी.त सो. खिडकीशी, मी दांड्याला धरून.  दोनला पुकारा झाला.
साहेब तरुण, सभ्य. बयान वाचले. "म्हणजे ऑफिसच्या नोंदीतून नाव तुम्ही काढायला लावलं?"
हो.
"ती फ्लॉपी?"
खराब झाली. माझ्याच हाताने.
बराच वेळ लिहीत होते. मग सही घेतली, अंगठाही घेतला. निकाल टपालाने येईल म्हणाले.
बाहेर येऊन सो.ने विचारले, "लिवलं ना जी त्याइनं?" लिहिले म्हणालो.
तिला एक सांगितले नाही. माझा कागद तिथल्या कारकुनाने तिच्या फायलीत लावला नाही. कपाटातून कोरी फाइल काढली आणि तिच्यावर माझे नाव लिहिले.