चिमटा आणि चार गोळ्या

३ तारीख, सोमवार
सर्जन म्हणाले, रक्त पातळ करायची गोळी आजपासून बंद. ऑपरेशन पुढच्या सोमवारी. यांची एक किडनी जन्मापासून सुकलेली, दुसरीत गाठ. गाठ तेवढी काढायची, किडनी राखायची. "रक्तवाहिनीला चिमटा लावतो. पंचवीस मिनिटांत कापायचं, शिवायचं. उशीर झाला तर किडनी मरते, घाई केली तर रक्त थांबत नाही."

हे पाणीपुरवठ्यात फिटर होते. म्हणाले, "म्हणजे मेन कॉक बंद करून काम! माझा पाना देऊ का?" सर्जन हसले. मी नाही.

पाकिटात चार गोळ्या उरल्यात. चांगल्या गोळ्या टाकायच्या? संपल्या की बंद करीन – तीन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय!

६ तारीख, गुरुवार
शेवटची गोळी यांच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला. दोन्ही घेऊन रोजच्यासारखे निमूट खिडकीशी गेले. पाकीट संपलं.

१० तारीख, सोमवार
यांना आत नेलं. नर्सने घड्याळ आणि चष्म्याचं घर माझ्या हातात दिलं.

पंचवीस मिनिटं म्हणजे जपाच्या सहा माळा. पण आत चिमटा कधी लागला ते बाहेर कसं कळणार? माळ खाली ठेवलीच नाही.

चार तासांनी सर्जन आले. टोपी घामाने ओली. चिमटा काढला तर टाक्यांतून रक्त! पुन्हा लावला, पुन्हा शिवलं. मिळून अडतीस मिनिटं. "किडनी धरते का, बघू. रक्त लवकर थांबेना. गोळी बंद होती ना?"

"हो," म्हटलं. हातात माळ होती.

११ तारीख, मंगळवार
लघवीच्या पिशवीत तळाला चार चमचे. लाल. लेक म्हणाली, "आई, रड तरी गं." काही येत नाही. खुर्चीच्या कापडावरची फुलं मोजली. बत्तीस.

१२ तारीख, बुधवार
बोटं मणी सरकवतात, देवाचं नाव तोंडात येत नाही. शेवटी सर्जनना जिन्यात गाठलं. सांगितलं – गोळ्या दिल्या, माझ्याच हाताने, चारही. आणि खोटं बोलले.

सर्जन म्हणाले, "चार गोळ्यांसाठी, बाई?" एवढंच.

लेक मागेच उभी होती. दिवसभर बोलली नाही. जेवणाचा डबा मात्र माझ्यापुढे सरकवला.

१३ तारीख, गुरुवार
पिशवीत चारशे मिली. पिवळी. नर्स म्हणाली, "काका, कॉक सुटला हो तुमचा!" लेक रडली. मी पिशवीकडे बघत बसले.

१४ तारीख, शुक्रवार
यांनी चष्मा मागितला. घर उघडलं. चष्म्याखाली कागदाची पुडी. पुडीत चार गोळ्या.

"डॉक्टर सांगत होते तेव्हा मीही तिथंच होतो की," हे म्हणाले. "आणि टाकलेलं तुला खपत नाही."