शिडी निर्दोष होती

ठकूबाई,

घराण्याच्या परंपरेविरुद्ध मी आज बंड पुकारलं आहे. एक मोजा सापडेना, म्हणून बंड दहा मिनिटं उशिरा निघालं.

काल तू विचारलंस, "बाबा, आपल्याकडे हृदयाचं कुणाला काही नव्हतं ना?" मी पेपरात तोंड खुपसून "छे!" म्हणालो. तपासणीच्या अर्जात तू आजोबांच्या नावापुढे 'शिडीवरून पडून' लिहिलंस. खरं म्हणजे आधी त्यांचं हृदय थांबलं, मग ते पडले. वय पंचेचाळीस. तुझे काका तर शिडीशिवायच गेले. अर्जात मी खरं लिहून ठेवलंय.

सांगितलं नाही तर वारशात येणार नाही, असा माझा कायदा होता. तो रद्द. हा वारसा आपण दोघंही मुकाट्याने घेणार नाही. मी दवाखान्यात दोघांचा नंबर लावतो. अकराला अर्ज घेऊन ये, सबबी नकोत.

येताना दुसरा मोजा आण. पलंगाखाली असेल.

बाबा