सर्व हक्क स्वाधीन

प्रकाशे, ता. ४ जानेवारी १९३७

चि. रतिलाल यास धनुबाईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. वकिलांच्या लायब्ररीत कायद्याची पुस्तके सांभाळतोस म्हणून भावकीत मिरवतोस ना, तर आता उपयोगी पड. आपल्याकडे कापणीला येणारी सातपुड्यातली सोनीबाई तुला ठाऊक आहे. चुलीसाठी वाळक्या फांद्यांची मोळी आणताना जंगल नाकेदाराने तिचा कोयता ठेवून घेतला. परवाना आण, मग ने, म्हणतो. ज्वारी कापणीला आली आहे. कोयता नाही तर तिला मजुरी नाही. माझा जीव तुटतो. कायद्याचे पुस्तकच पाठव. पुस्तकांवर नुसते बसून पिल्ले निघायची नाहीत!

भावजय प्रमिलेस आशीर्वाद. लोभ आहेच, पुस्तक आले की वाढेल.
धनुबाई

नंदुरबार, ता. ९

ती. सौ. बाईस रतिलालचा शि. सा. न. वि. वि.

पुस्तक दाराबाहेर गेले तर मागोमाग माझी नोकरी जाईल. जंगल कायद्याचे मराठी पुस्तक आमच्याकडे एकच, आणि ते लिहिणारे वकीलसाहेब रोज माझ्यासमोरच बसतात. कुणी चार ओळी उतरवल्या तरी त्यांचा चष्मा वर होतो. तरी ते कोर्टात गेल्यावर मी वाळक्या लाकडाचे कलम सोबतच्या कागदावर उतरवले, खाली मुखपृष्ठही. आमचा शिरस्ताच तसा: नक्कल करायची तर अक्षर न् अक्षर, काही गाळायचे नाही. माझे नाव कुठे घेऊ नकोस.

भित्र्या भावावर लोभ असू दे.
रतिलाल

प्रकाशे, ता. १५

चि. रतिलाल यास अनेक आशीर्वाद.

सोनीबाई, तिचा नवरा दिवाल्या आणि मी नाक्यावर गेलो. घरखर्चासाठी पडलेले वाळके लाकूड डोक्यावरून नेण्यास परवाना नको, हे कलम मी खणखणीत वाचले. नाकेदार म्हणाला, कागद काय, कोनीबी लिखस. मी वाचतच राहिले. अगदी शेवटी आले, 'सर्व हक्क स्वाधीन'. तो चपापला. पुन्हा वाचायला लावले. सर्व हक्क सोनीबाईच्या स्वाधीन झाल्यावर बिचारा काय करणार? कोयता दिला, वर पाणीही विचारले. सरकारचे मन एवढे मोठे कधी झाले रे? आता चौघीजणी कागद मागताहेत. मी नकला करत बसले आहे.

तुझी शहाणी बहीण,
धनुबाई

नंदुरबार, ता. २०

ती. सौ. बाईस शि. सा. न. वि. वि.

आधी हसलो, मग पुस्तकाचे मुखपृष्ठ पुन्हा काढून पाहिले. अगं, ती ओळ सरकारची नव्हे, वकीलसाहेबांची! पुस्तक छापण्याचे सर्व हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवले, एवढाच अर्थ. आणि तू नकला वाटतेस! घाबरून मी त्यांना सगळे सांगून टाकले. चष्मा वर झाला. मग ते इतके हसले की दौत सांडली. म्हणाले, हक्क कलमातच आहे, कोयता पुन्हा नाक्यावर नेऊन द्यायचे कारण नाही. नकला खुशाल करा, फक्त ती ओळ गाळा. सोनीबाईला मात्र खरे सांग.

नोकरी शाबूत असलेला,
रतिलाल

प्रकाशे, ता. २६

चि. रतिलाल यास अनेक आशीर्वाद.

खरे सांगितले. सोनीबाईने कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, सगळे हक्क त्या वकिलाकडे, तर आमच्याकडे काय? मी म्हटले, वरचे कलम. तिने ते माझ्याकडून दहादा वाचून घेतले. काल मोळी घेऊन नाक्यावरून येताना नाकेदाराने तिला कागद विचारला. तिने कागद काढलाच नाही. मोळी डोक्यावर तशीच ठेवून सगळे कलम तोंडपाठ म्हटले, आणि तो बाजूला झाला. ऐकून मला रडूच आले.

वकीलसाहेबांना विचार, पाठ करायला त्यांची परवानगी लागते का? लागत असली तर आता उशीर झाला आहे.

माझ्या लोभाचे सर्व हक्क तुझ्या स्वाधीन.
धनुबाई