कोरड्या घसरगुंडीवरून

प्रिय दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (सध्या मी चोवीस तास पालथाच पडून असतो, त्यामुळे यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही.) तू आणि वहिनी ठणठणीत असाल, तुझ्या गुडघ्याची कुरकुर थांबली असेल, असं धरून चालतो. इकडे आई बरी आहे, बाबा उत्तम आहेत. लिहून झालं की ते हे पत्र वाचणार आहेत, तेव्हा अक्षर जरा जपून काढतोय.

तर आपलं वॉटर पार्क गेलं. बंद पडून वर्षं लोटली होती, पण निदान उभं तरी होतं. आता भंगारवाल्याने घेतलंय, घसरगुंड्या कापून नेणार म्हणे. तुला त्याचं काय सुतक असणार म्हणा (तू तिकीट खिडकीत, डोक्यावर पंखा!), पण मला मात्र क्लोरीनचा वास आला की अजून भूक लागते. बाबा तो वास अंगावर घेऊनच जेवायला बसायचे. बारा महिने त्यांची बोटं सुरकुतलेली, आणि आई भाड्याने द्यायचे पोहण्याचे कपडे धुवायची, म्हणून आपल्या दारात कायम अनोळखी लोकांच्या चड्ड्या वाळत. लाज वाटायची तेव्हा. आता त्या रिकाम्या दोरीकडे बघवत नाही.

तुझं आणि बाबांचं त्यावरूनच फाटलं. लोकांना पाण्यातून ओढून काढणं हे काय काम झालं, असं तू म्हणालास. मग येऊ नकोस या घरात, असं ते म्हणाले. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तुम्ही दोघांनी एकमेकांचं ऐकलंत. तेव्हापासून तुझं नाव त्यांनी घेतलेलं नाही. फक्त पोस्टमन दिसला की ते उगाच दारात जाऊन उभे राहतात.

असो. बाबांनी हट्ट धरला की कापाकापीच्या आधी एकदा बघून येऊ. रखवालदार जुना, त्यानं फाटक उघडलं. बाबा सवयीनं थेट खालच्या हौदात उतरले. पाणी नाही, घोटाभर कुजलेला पाला आणि एक झोपलेलं कुत्रं. मी सवयीनं वर चढलो. आपली पद्धत तुला ठाऊक आहे : खाली हौद मोकळा झाला की बाबा हात वर करणार, मग मी वरून पुढचा माणूस सोडणार. त्या हातावर अख्ख्या गावाचे जीव आम्ही सुखरूप खाली उतरवले. मी वरून ते सगळं ओसाड बघत होतो, आणि खाली बाबांनी हात वर केला. वर सोडायला दुसरं कोणीच नव्हतं. मग मीच बसलो आणि सुटलो.

दादा, कोरड्या घसरगुंडीवर माणूस घसरत नाही, सोलला जातो. पहिल्या वळणावर विजारीनं राम म्हटला, दुसऱ्या वळणावर मी अडकलो, आणि तिथून पुढे शिव्या देत, ढोपरं मारत, ढुंगणाचं कातडं वाटेत सोडत, डोक्याकडून हौदात येऊन पडलो. कुत्रं असं काही ओरडलं की जणू चूक त्याचीच. बाबा हौदाच्या कडेला टेकून खाली बसले होते. चेहरा राखेसारखा. छातीत कळ आली म्हणून त्यांनी मला हाक मारायला हात वर केला होता रे! आणि तशातही उठून त्यांनी मला काखेत हात घालून बाहेर ओढलं. "गाढवा, पाय आधी," एवढंच म्हणाले.

रखवालदारानं आम्हा दोघांना पाला वाहायच्या हातगाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी मला तपासलं, कारण बोंबलत मी होतो. बाबा बाकावर आपल्या पाळीची वाट बघत बसले.

आईचा तुला आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : बाबांनी पत्र वाचलं. "कळ" खोडून "जरासा गॅस" लिही म्हणाले, मी विसरलो. त्याला यायचा आग्रह करू नकोस, कामं असतात, असंही म्हणाले. मी आग्रह करत नाही.

पुन्हा ता. क. : बाबा आत्ता झोपलेत, म्हणून पाकीट चिकटवायच्या आधी हे लिहितो. बाबा उत्तम नाहीत. हृदय पार थकलंय, ऑपरेशन झेपणार नाही. अजून किती दिवस, असं विचारलं तर डॉक्टरीणबाई चष्मा पुसत बसल्या. आम्ही बाबांना सांगितलेलं नाही, ते आम्हाला विचारत नाहीत. घरात सगळे एकमेकांशी पाहुण्यासारखे गोड बोलतात. काल आई भाजीत मीठ घालायला विसरली, तर बाबा मुकाट जेवले आणि "छान झालीय" म्हणाले. आई आत जाऊन रडली. मी त्यांच्याशी वाद उकरून काढायला जातो, पण पहिल्याच वाक्याला माझा आवाज फुटतो. तू ये. माफी मागायला येऊ नकोस, मग त्यांना सगळं कळेल. दारातून आत आल्या आल्या त्यांच्याशी चांगलं कडाडून भांड.