आजोबांचा कॉलम

५ ऑक्टोबर २०२५, रविवार
आज शाळा बघून आलो. नाव लिहीत नाही, उगाच नजर लागते. दिल्लीच्या द्वारका एक्स्प्रेसवेवर आहे. नर्सरीपासून ग्रॅज्युएशनपर्यंत सगळं एकाच आवारात. क्षिप्रा साडेतीन वर्षांची आत जाणार आणि डिग्री घेऊनच बाहेर येणार. मधे बापाला टेन्शन नाही. रेवतीचं म्हणणं, आपल्याच सेक्टरमधली शाळा चालत पाच मिनिटांवर आहे. बायकोला व्हिजन नाही.
संकल्प: या वहीत फक्त खरं लिहायचं.

८ ऑक्टोबर, बुधवार
अ‍ॅडमिशन फॉर्म चौदा पानी. पान नऊवर ‘शिक्षणक्षेत्रातील कौटुंबिक वारसा’. त्यात आजोबांचा व्यवसाय. पर्याय: प्रशासक, उद्योजक, सैन्याधिकारी, शिक्षणतज्ज्ञ, इतर.
अण्णा चाळीसगावजवळच्या हायस्कुलात शिपाई होते. एकतीस वर्षं घंटा दिली, टपाल नेलं, सरांना चहा दिला. आधी ‘इतर’वर क्लिक केलं. फारच अपमानास्पद दिसत होतं, म्हणजे अण्णांना. त्यांच्याच मानासाठी ‘शिक्षणतज्ज्ञ (निवृत्त)’ केलं. शाळेत एकतीस वर्षं काढल्यावर माणूस तज्ज्ञ होतोच. रेवतीला दाखवलं नाही. ती दमली होती.

२७ ऑक्टोबर, सोमवार
शॉर्टलिस्ट झालो! ऑफिसात पेढे वाटले. मग ईमेल नीट वाचली. १५ नोव्हेंबरला इंटरअ‍ॅक्शन. आई, वडील, मूल, ‘आणि आदरणीय आजोबांना भेटायला आम्ही उत्सुक आहोत’. सही: अलकनंदा, अ‍ॅडमिशन हेड.
पेढे परत मागता येत नाहीत.

२८ ऑक्टोबर, मंगळवार
ठरवलं: अण्णा आजारी आहेत असं कळवायचं. तोवर रेवतीने त्यांना फोन करून बोलावलंसुद्धा. ते खूश. एकच अट घातली, पानिपतला नेऊन काला अंब, म्हणजे लढाईच्या जागेवरचं स्मारक, दाखवायचा. इतिहासाचे सर दरवर्षी पानिपत शिकवायचे आणि अण्णा व्हरांड्यात स्टुलावर बसून ऐकायचे. एकतीस वेळा ऐकलंय, आता एकदा बघू दे, म्हणाले. म्हटलं, आल्याबरोबर पहिल्याच रविवारी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
अण्णा आले. केळ्याचे वेफर्स, शेंगा, धोतराऐवजी पॅंट. संध्याकाळपर्यंत त्यांना सोसायटीच्या गार्डच्या तिन्ही मुलांची नावं पाठ. सांगितलं की इथे गार्डबरोबर बसून चहा पीत नाहीत. ड्युटीवर माणूस एकटा असतो रे, म्हणाले.
त्यांना ब्लेझर आणला.

९ नोव्हेंबर, रविवार
काला अंब रद्द. हवा भयंकर. खरं म्हणजे तयारी बाकी होती. अण्णांना दोन इंग्रजी वाक्यं शिकवली. कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मेंदूला व्यायाम, म्हटलं. मी बोलत होतो तोवर ते उभेच. बसा म्हटलं तर म्हणाले, शिकवणाऱ्यासमोर बसायची सवय नाही.
वाक्यं जमली नाहीत. ‘एव्हरी चाइल्ड’च्या पुढे गाडी जाईना.

११ नोव्हेंबर, मंगळवार
मास्टरस्ट्रोक! दिल्लीच्या प्रदूषणाचा एवढा चांगला उपयोग आजवर कोणी केला नसेल. अण्णांचा घसा बसलाय आणि डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. मफलर, वर मास्क. कोण संशय घेणार? अण्णांना सांगितलं, शाळेत एक अक्षर बोलायचं नाही, डॉक्टरांचा सल्ला आहे. कोणत्या डॉक्टरांचा, त्यांनी विचारलं. म्हटलं, सगळ्यांचाच.

१५ नोव्हेंबर, शनिवार
इंटरअ‍ॅक्शन उत्तम. जवळजवळ.
अलकनंदा मॅडमनी क्षिप्राला विचारलं, दादाजींबरोबर काय खेळतेस? कार्टी म्हणाली, स्कूल स्कूल. दादाजी थालीवर चमच्याने टन टन करतात, मग छुट्टी होते. मी लगेच सांगितलं की आमच्या वडिलांची शिक्षणपद्धती अनुभवाधारित आहे. मॅडमनी ते लिहून घेतलं. रेवतीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्याबद्दल नंतर बोलू, असं तीच म्हणाली आहे.
फॉर्मची प्रिंट टेबलावरच होती, अण्णांसमोर. त्यांना इंग्रजी वाचता येतं, हे मी विसरलो होतो. एकतीस वर्षं टपालावरचे पत्ते वाचलेत. त्यांचं बोट त्यांच्या नावाखाली सरकत गेलं आणि पुढच्या शब्दावर थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फिश टॅंककडे पाहिलं.
मॅडम म्हणाल्या, बोलू नका सर, दोन ओळी आशीर्वाद लिहून द्या. ‘सर’ ऐकून अण्णा खुर्चीतून अर्धे उठले, दारात कोण आलं ते बघायला. मग लिहिलं: बच्ची गुणी है. खाली सही, ‘हरिदास, सेवानिवृत्त’. त्यापुढे पेन थांबलं. पेन्शनच्या प्रत्येक कागदावर ते त्यापुढे ‘शिपाई’ लिहितात. आज टोपण लावून पेन परत दिलं.
प्लॅन यशस्वी.  कॅंटीनचं सॅंडविच मात्र अर्धंच गेलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. रेवतीशी बोलतात, क्षिप्राला गोष्टी सांगतात, गार्डशी तासभर गप्पा. मी समोर आलो की मफलर वर ओढतात. घसा खरंच बिघडला असावा. गोळ्या आणून ठेवल्या.

१९ नोव्हेंबर, बुधवार
रेवती म्हणाली, त्यांची माफी माग आणि शाळेला खरं सांग. दोन्ही बरोबर आहे. पण टायमिंग महत्त्वाचं. लिस्ट लागू दे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
अण्णा सकाळी एकटेच मेट्रोने बाहेर गेले, संध्याकाळी चारला आले. बुटांवर धूळ. मी दिलेल्या मेट्रो कार्डामुळे त्यांना दिल्ली बघता आली, याचं समाधान आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार
अण्णा परत गेले. काला अंब राहिला. पुढच्या वेळी नक्की. ब्लेझर घडी करून माझ्या पलंगावर ठेवला होता. वर मफलर आणि न फोडलेल्या गोळ्या. निजामुद्दीन स्टेशनवर वाकून नमस्कार केला तर डोक्यावर हात ठेवला. 

१ डिसेंबर, सोमवार
अ‍ॅडमिशन झाली!! मफलरचा विजय. रेवतीला म्हटलं, बघ. ती म्हणाली, बघतेय.

१० डिसेंबर, बुधवार
शाळेची ईमेल. शनिवारी कागदपत्रांची तपासणी. सगळे दाखले आणा, ‘पान नऊशी संबंधित कागदांसह’. झोप उडाली. अण्णांच्या सर्व्हिस बुकावर ठळक अक्षरात पद लिहिलेलं आहे.
खरं सांगावं का? विचार केला. पूर्ण एक मिनिट केला. पण मुलीच्या अठरा वर्षांचा प्रश्न आहे. उपाय: हायस्कूलच्या रेकॉर्ड रूमला आग. नको, आगीत पोलीस येतात. पूर.

१३ डिसेंबर, शनिवार
एकटाच गेलो. रेवतीने यायला साफ नकार दिला.
अलकनंदा मॅडमना पूर सांगितला. कमरेएवढं पाणी. तरंगणारी सर्व्हिस बुकं. अण्णा स्वतः पाण्यात उतरले, हे ऐन वेळी सुचलं. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. मग फाइल उघडून माझ्याकडे फिरवली.
पान नऊवर ‘शिक्षणतज्ज्ञ’ खोडलेलं. बाजूला अण्णांच्या अक्षरात ‘शिपाई, ३१ वर्षे’. सही. तारीख २१ नोव्हेंबर.
मॅडम म्हणाल्या, ते आले होते. मेट्रोने सेक्टर २१ला आणि पुढे शेअर ऑटोने. अपॉइंटमेंट नाही म्हणून आत येईनात. दोन तास गेटवर गार्डशेजारी बसून होते. आत बोलावल्यावर सांगत होते की चूक माझीच, मीच मुलाला तसं लिहायला सांगितलं. मॅडमना ते पटलं नाही, पण त्यांनी वाद घातला नाही. शिवाय त्या कॉलमला मार्क वगैरे काही नसतात. तो शाळेच्या मासिकासाठी असतो.
मी विचारलं, आणखी काही म्हणाले का?  निघताना म्हणाले ते मॅडमनी अण्णांच्याच शब्दांत सांगितलं. लड़के को मेरी शर्म आती है. बच्ची को नहीं आती. बच्ची को ले लीजिए.
मी पावती घेतली आणि बाहेर आलो. गेटवरच्या गार्डने विचारलं, चाळीसगाववाले बाबूजी बरे आहेत ना? मला हो म्हणतानाही त्याच्याकडे बघवलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
अण्णांना फोन लावला. माफी मागायची होती. तोंडातून आलं, घसा कसा आहे? म्हणाले, बरा आहे, क्षिप्राला दे. दिला. स्पीकरवर चमच्याने ताट वाजल्याचा आवाज आला आणि ही छुट्टी छुट्टी करत घरभर पळाली.
८ ऑक्टोबरचं पान काढलं. ‘त्यांच्याच मानासाठी’ खोडलं आणि वर लिहिलं: मला लाज वाटली म्हणून.
चाळीसगावचं तिकीट बघितलं. पुढच्या शुक्रवारचं. वेटिंग एकशे बारा.