पंख्याचं विमान

२ मार्च
वाचनालयाच्या सभागृहात दणकून बोललो. विषय: विमानं आणि तापतं आकाश. जेटच्या धुरातली वाफ उंचावर काजळीभोवती गोठते, विमानामागे तिची पांढरी रेघ उमटते, रेघांचे ढग होतात, आणि ते ढग पृथ्वीवर पांघरूण घालतात. रात्री तर जास्तच. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ इतके तल्लीन झाले की डोळेच मिटले. शेवटी जाहीर शपथ घेतली: आमरण विमानात बसणार नाही. आजवर बसलेलो नाही, हे सांगायला वेळ उरला नाही.

५ मार्च
लेकीला मुलगी झाली. लेक राहते बेटावर. तिकडची प्रवासी बोट कधीच बंद पडली. फोनवर म्हणाली, बाबा, या ना, तुमच्या मांडीवर द्यायचीय. हिने बॅग काढलीसुद्धा. मी शपथेची आठवण करून दिली. ही म्हणाली, अहो, नातीला काय सांगू, आजोबा आकाशावर रुसलेत?

८ मार्च
जावईबापूंनी विचारलं, भीती वाटते का? मला? शिडीवर चढत नाही ते गुडघ्यामुळे. लिफ्टमध्ये डोळे मिटतो ते चिंतनासाठी. त्यांना शांतपणे समजावलं: दिवसा, कमी उंचीवरून, मागे रेघ न सोडता जाणारं विमान आणा, पहिला मी बसतो. असं विमान नसतंच. दुपारी छान झोप लागली.

११ मार्च
असतं. पंख्याचं, छोटंसं. जेटच्या निम्म्या उंचीवरून जातं. तिथली हवा तेवढी गार नसते, म्हणून रेघ उमटत नाही. जावईबापूंनी दोन तिकिटं काढून विमानाचा फोटो पाठवला. त्यात पायलट स्वतःच बॅगा चढवतोय. त्यांचं अभिनंदन केलं. फोटो पुसून टाकला तो फोनमध्ये जागा हवी म्हणून.

१४ मार्च
कळवलं की खालून उडताना इंधन जास्त जळतं, तत्त्व पुन्हा तपासावं लागेल. उत्तर आलं: एवढ्या अंतराला हे विमान जेटपेक्षा कमीच पितं. घरात सगळेच अभ्यास करू लागलेत. माझ्याच भाषणांचा परिणाम. ही म्हणाली, हात धरून बसेन हो. मी म्हणालो, तत्त्वाला हात धरावा लागत नाही. ही माझा स्वेटर बॅगेत भरत राहिली.

१७ मार्च, सकाळ
निघतोय. रात्रभर चिंतन झालं. उतरल्यावर करायचं छोटं भाषण तयार आहे.

१७ मार्च, दुपार
विमानाच्या पायरीवर दांडी धरून उभा राहिलो. मागे लोक खोळंबले, म्हणून त्यांना वातावरणाच्या वरच्या थरांविषयी सांगू लागलो. पायलट म्हणाला, काका, आत बसून बोला. ही दारात हात पुढे करून उभी होती. दांडी सुटेना. सुटली ती खाली उतरतानाच.
विमान गेलं. बराच वेळ वर पाहत होतो. मी म्हणालो होतो तसंच झालं, मागे रेघ नाही. माझी जागा रिकामी गेली. इंधन जळायचं तेवढं जळलंच.
घरी येऊन बोट कंपनीला कडक पत्र लिहायला घेतलं.

१७ मार्च, संध्याकाळ
हिने फोटो पाठवलाय. नात माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली. खाली लिहिलंय: तिला सांगितलं, आजोबा पायरीपर्यंत आले होते.